वाचकांचे प्रश्न : मिनिएचर रंगवताना टेबलावरचा उजेड

मिनिएचर म्हणजे इवल्याशा मूर्तींना प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख प्रायमरवर नसून दिव्यावर होता. ब्रश आणि रंग निवडताना आपण जेवढा विचार करतो तेवढा दिव्याचा करत नाही, आणि छटा जमली नाही की दोष हाताला देतो. म्हणून या वेळचे सदर टेबलावरच्या उजेडालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी २८ मिलिमीटर मापाच्या मूर्ती ॲक्रिलिक रंगांनी रंगवतो. नोकरीमुळे रात्रीच वेळ मिळतो आणि खोलीत छताला एकच पिवळसर दिवा आहे. रात्री मनाजोगा साधलेला निळा झगा सकाळी भडक दिसतो, आणि पांढऱ्या कापडावर दिलेली फिकट पिवळी छटा, जी रात्री मला जवळजवळ दिसतच नव्हती, ती दिवसा ठसठशीत दिसते. यावर उपाय म्हणून ‘डेलाइट’ असे लिहिलेला, ६५०० केल्विनचा एलईडी दिवा आणला. पण त्याच्या उजेडात चेहरे राखट आणि निर्जीव वाटतात. नेमका कोणता दिवा घ्यावा?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही दिव्यांचे दोष वेगवेगळे आहेत, एक काढून दुसरा लावल्याने काम झाले नाही ते त्यामुळेच.

आधी पिवळसर दिवा पाहू. अशा दिव्याचे रंगतापमान, म्हणजे उजेडाची झाक सांगणारे माप, साधारणतः २७०० केल्विन असते (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), म्हणजे त्याच्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा भाग थोडा असतो. निळा रंग हा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भागच परत पाठवू शकतो. तो भागच तुटपुंजा असेल तर झगा मलूल दिसतो, आणि त्याला उठाव यावा म्हणून आपण निळ्यावर आणखी निळा, त्यावर पांढरा असे थर चढवत जातो. सकाळी खिडकीतून भरपूर निळा प्रकाश आत आला की ती सगळी भर एकदम उघडी पडते. पिवळ्या छटेचेही तसेच. पांढरा आणि फिकट पिवळा यांच्यातला फरक मुख्यतः निळ्या भागाचा असतो : पांढरा रंग निळा प्रकाश परतवतो, पिवळा तो शोषून घेतो. दिव्यातच निळा कमी असला की दोन्हींत फरक करायला डोळ्याजवळ फारसा आधार उरत नाही. रात्री हे लक्षात येत नाही याचे कारण असे, की डोळा काही मिनिटांतच समोरच्या उजेडाला सरावतो आणि त्यालाच पांढरा मानू लागतो.

आता नवा दिवा. पांढरा एलईडी दिवा बहुधा मुळात निळा असतो. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन दोन्हींच्या मिश्रणातून पांढरा उजेड मिळवतात. स्वस्त दिव्यांत या मिश्रणात गडद तांबडा भाग फार कमी असतो, आणि त्वचेच्या छटांचा जिवंतपणा त्याच तांबड्यावर अवलंबून असतो. म्हणून तुमचे चेहरे राखट दिसतात. खोक्यावरचा ‘डेलाइट’ हा शब्द फक्त उजेडाची झाक सांगतो, त्या उजेडात सगळे रंग पुरेसे आहेत याची हमी देत नाही.

ही हमी काही प्रमाणात सीआरआय या अंकातून मिळते. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा हा निर्देशांक असून त्याची कमाल मर्यादा १०० आहे. मात्र त्यातही एक मेख आहे. खोक्यावर छापलेला आकडा हा आठ सौम्य रंगनमुन्यांची सरासरी असतो. नववा नमुना, म्हणजे गडद तांबडा, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा हा नववा आकडा, ज्याला आर ९ म्हणतात, शून्याच्या आसपास किंवा शून्याखालीही असू शकतो. मूर्ती रंगवण्यासाठी सीआरआय किमान ९० आणि शक्य तर ९५ असलेला दिवा घ्यावा, आणि आर ९ छापलेला असेल तर तो ५० च्या वर असावा. २०१५ पासून टीएम-३० ही ९९ नमुन्यांवर आधारलेली अधिक काटेकोर पद्धतही आली आहे. तिचे आकडे दिलेले दिसले तर उत्पादकाने या बाबीकडे लक्ष दिले आहे असे समजायला हरकत नाही.

रंगतापमानाबाबत माझा कल ५००० केल्विनकडे आहे. छपाईच्या व्यवसायात रंग जुळवून पाहण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात तेही याच रंगतापमानाचा प्रकाश सांगते. ६५०० केल्विनही चुकीचे नाही, काहींना ते अधिक टवटवीत वाटते. परंतु दोन्ही गुण एका दिव्यात मिळत नसतील तर सीआरआयला आधी मान द्यावा. ४००० केल्विनचा ९५ सीआरआय असलेला दिवा ६५०० केल्विनच्या ८० सीआरआयवाल्या दिव्यापेक्षा निश्चितच बरा.

नवा दिवा लावल्यावर छताचा पिवळा दिवा तसाच चालू ठेवू नये. दोन झाकांचे उजेड एकत्र आले की मूर्तीची एक बाजू पिवळसर आणि दुसरी निळसर दिसते, आणि मग आपण रंगाने दिलेली छटा कोणती व दिव्याने दिलेली कोणती हे ओळखता येत नाही. छताचा दिवाही त्याच रंगतापमानाचा करून घ्यावा.

आणखी एक सवय लावून घ्यावी. जाड कागदाच्या तुकड्यावर तांबडा, त्वचेचा रंग, जांभळा, आणि पांढऱ्याला लागून फिकट पिवळा असे पट्टे रंगवून ठेवावेत. दुपारी खिडकीपाशी एकदा आणि रात्री दिव्याखाली एकदा ते पाहावेत; दिवा कोणत्या रंगावर अन्याय करतो हे पाच मिनिटांत कळते. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनवलेल्या दोन राखाडी छटा एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात वेगळ्या पडतात, हेही या कागदावर दिसून येईल. उडालेल्या रंगाची डागडुजी करताना मूळ मिश्रणच वापरावे, डोळ्यांनी जुळवलेले नवे मिश्रण वापरू नये, असे जुने हात सांगतात ते यामुळेच.

प्रश्न : मी डावखुरी आहे. दिवा टेबलाच्या डाव्या बाजूला असावा असे वाचून तसा लावला, तर हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर पडते. दिवा समोर आणला की ओला रंग चकाकतो आणि खालचे काही दिसत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना सारखे दोन दिवे लावले. सावली गेली, पण मूर्ती सपाट दिसू लागली. कोठे चुकते आहे?

उत्तर : दिवा डावीकडे असावा हा नियम उजव्या हाताने रंगवणाऱ्यांसाठी आहे. ब्रश ज्या हातात, त्याच्या विरुद्ध बाजूला मुख्य दिवा, हे खरे सूत्र; तुमच्यासाठी तो उजवीकडे, किंचित पुढे आणि डोळ्यांच्या पातळीच्या वर असावा. दिव्याचे तोंड इतके खाली वळलेले असावे की मान वर केली तरी उघडा बल्ब डोळ्यांत येऊ नये. मूर्तीपासून ४० ते ५० सेंटीमीटर अंतर बहुतेकांना सोयीचे पडते.

दुसरा दिवा हवाच, पण पहिल्याच्या तोडीचा नको. दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावल्या एकमेकींना पुसून टाकतात, आणि मूर्तीचे नाक, घडी, पट्टा यांचा उठाव डोळ्यांना ज्या सावलीमुळे कळतो तीच नाहीशी होते. दोन्ही दिवे एकाच जातीचे ठेवावेत, मात्र दुसरा दूर सरकवावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो. मुख्य दिवा ४० सेंटीमीटरवर आणि दुसरा ६० सेंटीमीटरवर ठेवला तर दुसऱ्याचा उजेड पहिल्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो. हा हिशेब लहान बल्बला चांगला लागू पडतो. लांब पट्टीच्या दिव्यात जवळच्या अंतरावर उजेड इतक्या झपाट्याने घटत नाही, म्हणून तेथे डोळ्यांनीच अंदाज घ्यावा. ब्रशच्या टोकाची सावली दिसावी पण तिच्यातले तपशील बुडू नयेत, एवढा दुसरा दिवा पुरेसा.

चकाकीचे कारण कोनात आहे. ओला रंग लहानशा आरशासारखा वागतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो आणि त्या वाटेवर तुमचा डोळा असेल तर पांढरा ठिपका दिसतो. दिवा हलवण्याऐवजी मूर्ती ज्या दांड्यावर बसवून रंगवता तो थोडा फिरवून पाहावा, बहुतेकदा तेवढ्याने भागते. दिव्याचा पृष्ठभाग रुंद आणि दुधी असेल तर चकाकीचा ठिपकाही पसरट व मवाळ होतो. याउलट एकाच ठिकाणाहून येणारा तीव्र उजेड काठाकाठाने धारदार सावल्या आणि टोकदार चकाकी देतो. शिवाय ॲक्रिलिक रंगाचा द्राव ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे छटा वाळल्यावर थोडी गडद होते. म्हणून ओल्या छटेवरून निर्णय घेऊ नये, दिवा कितीही चांगला असला तरी.

एका कामासाठी मात्र हे सगळे उलटे करावे. मूर्तीवरच्या साच्याच्या रेघा, खरवडल्याच्या खुणा आणि प्रायमरचा खरखरीतपणा शोधताना दुसरा दिवा बंद करून एकच दिवा खाली, जवळजवळ टेबलालगत आणावा. आडव्या उजेडात केसाएवढी रेघही सावली टाकते. दिव्याची मान लवचीक असण्याचा खरा उपयोग येथे कळतो, आणि म्हणून पक्क्या उभ्या दांड्याचा देखणा दिवा घेण्याच्या भरीस पडू नये.

तुमच्या पत्रात हिरव्या कटिंग मॅटचा ओझरता उल्लेख आहे. ती मॅट जोरदार उजेडात मूर्तीच्या खालच्या भागावर हिरवी झाक फेकते. रंगवताना तिच्यावर राखाडी कागद अंथरावा. मी एकदा लाल स्वेटर घालून सलग चार संध्याकाळी एका पांढऱ्या घोड्यावर काम केले होते. स्वेटरची लाली पडून घोड्याचे पोट गुलाबी दिसत होते, आणि तो गुलाबीपणा मारण्यासाठी मी जी हिरवट छटा दिली ती आजही तशीच आहे.

प्रश्न : माझे वय ६३ आहे. निवृत्तीनंतर हा छंद लागला. मूर्तीचे डोळे रंगवताना काही केल्या स्पष्ट दिसत नाही. जास्त ल्युमेनचा दिवा घेतला, तरी अर्ध्या तासात डोळे शिणतात. भिंगाचा दिवा घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, पण आधी तुमच्या अडचणीचे दोन भाग वेगळे करू. एक भाग उजेडाचा आहे. वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होते. विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो असे मानतात. ल्युमेन हा आकडा दिवा एकूण किती उजेड टाकतो ते सांगतो. तुम्हाला हवा तो लक्स, म्हणजे मूर्तीवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो त्याचे माप. कार्यालयातील लिखाणासाठी ५०० लक्स आणि तांत्रिक आरेखनासाठी ७५० लक्स हे सर्वमान्य प्रमाण आहे. मूर्तीच्या बारीक कामाला १००० लक्स धरावेत आणि तुमच्या वयात १५०० च्या पुढे जाण्यास संकोच करू नये. मोबाइलवरची मोजमापाची अ‍ॅप अगदी अचूक नसतात, तरी दिव्याच्या दोन जागांची तुलना करायला पुरतात. नवा, मोठा दिवा आणण्यापूर्वी असलेला दिवा वीतभर जवळ आणून पाहावा.

शीण मात्र बहुधा वेगळ्याच कारणाने येत असावा. टेबल झगझगीत आणि खोली अंधारी असेल तर नजर वर-खाली करताना डोळ्यांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. कामाच्या जागी ७५० लक्स असतील तर लगतच्या भागात ५०० असावेत, असे कामाच्या ठिकाणांच्या प्रकाशयोजनेचे युरोपीय मानक सांगते. थोडक्यात, छताचा दिवा बंद करू नये, फक्त वर सांगितल्याप्रमाणे तो टेबलाच्या दिव्याच्याच रंगतापमानाचा असावा.

दुसरा भाग अंतराचा आहे आणि तो उजेडाने सुटत नाही. वाचनाचा चष्मा बहुतेकदा ४० सेंटीमीटरच्या बेताने दिलेला असतो, आणि मूर्ती आपण २५ सेंटीमीटरवर धरतो. चष्मा करवून घेताना हे अंतर मोजून सांगावे. भिंग घेताना डायॉप्टरचा, म्हणजे भिंगाच्या शक्तीचा, आकडा पाहावा : ३ डायॉप्टरचे भिंग सुमारे पावणेदोन पट मोठे दाखवते आणि मूर्ती ३३ सेंटीमीटरपर्यंत दूर ठेवता येते, ५ डायॉप्टरचे सव्वादोन पट दाखवते, पण अंतर २० सेंटीमीटरवर येते. मोठे दिसावे म्हणून जोरदार भिंग घेतले की डोके मूर्तीवर झुकते, उजेड अडतो आणि ब्रश फिरवायला जागा राहत नाही. माझ्या मते ३ डायॉप्टरपासून सुरुवात करावी. भिंगाभोवती गोल दिवा असलेल्या साधनात उजेड चोहोबाजूंनी येतो आणि आकार सपाट दिसतो, म्हणून तो दिवा दुय्यम मानून मुख्य दिवा बाजूलाच ठेवावा.

दोन सूचना आणखी. भिंगाचा दिवा दिवसा खिडकीपाशी उघडा सोडू नये; उन्हाची तिरीप त्यातून एकवटली तर खालचा कागद पेट घेऊ शकतो, म्हणून वापर झाल्यावर झाकण लावावे. आणि डोळ्यातल्या पिवळसर झालेल्या नैसर्गिक भिंगामुळे निळा-हिरवा तसेच पांढरा-पिवळा यांतले सूक्ष्म फरक तुम्हाला कमी जाणवतील. अशा छटा अंतिम करण्यापूर्वी घरातल्या एखाद्या तरुण डोळ्यांना दाखवाव्यात.

प्रश्न : दिव्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय आहे. उजेड कमी ठेवला की डोके दुखते, पूर्ण ठेवला की दुखत नाही. हा भास आहे का?

उत्तर : भास नसावा. अनेक एलईडी दिवे उजेड कमी करण्यासाठी अतिशय वेगाने उघडझाप करतात. दिव्याचे सर्किट निकृष्ट असेल तर पूर्ण उजेडातही विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा, लुकलुक होते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण काहींना तिचा त्रास होतो. दिव्याखाली पेन्सिल झपझप हलवावी. एकसंध पुसट पट्ट्याऐवजी सुट्या पेन्सिलींचा पंखा दिसला तर दिवा लुकलुकतो आहे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करूनही हे पकडता येते. असा दिवा पूर्ण उजेडावर ठेवून अंतर वाढवावे. त्यानंतरही डोके दुखत राहिले तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : दिवसा वेळ असताना दिव्याची गरजच काय? खिडकीचा उजेड सर्वांत चांगला नाही का?

उत्तर : रंग खरे दिसण्याच्या बाबतीत चांगला आहे, स्थिरतेच्या बाबतीत नाही. सूर्यास्तापूर्वीच्या उन्हाची झाक पिवळसर बल्बसारखी असते, तर निरभ्र निळ्या आकाशाचा उजेड १०,००० केल्विनच्याही पुढे जातो. एक ढग आला की दोन्ही बदलतात. चित्रकार जिच्यात थेट ऊन येत नाही ती खिडकी निवडतात : उत्तर गोलार्धात उत्तरेची, दक्षिण गोलार्धात दक्षिणेची. तशी खिडकी लाभली असेल तर मिश्रणे दुपारी तिच्यापाशी करावीत आणि बारीक काम दिव्याखाली. थेट उन्हात मात्र रंगवू नये. तेथे रंग पॅलेटवरच वाळतो.

प्रश्न : चमकदार धातू साध्या रंगांनीच भासवण्याचा, म्हणजे एनएमएमचा, सराव करतो आहे. टेबलावर तलवार लखलखते, कपाटात ठेवली की मातकट दिसते. मूर्तीच्या हातातल्या कंदिलाचा उजेड रंगवला तर तोही दिसेनासा होतो. येथेही दिवाच कारणीभूत आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी होय, आणि हा प्रश्न मला सर्वांत आवडला. येथे दोन उजेड एकमेकांशी भांडतात : एक तुम्ही रंगवलेला, दुसरा दिव्याचा खरा. रंगात किंचित जरी तकाकी असली तरी दिव्याची खरी चकाकी रंगवलेल्या हायलाइटवर, म्हणजे सर्वांत उजळ छटेवर, येऊन बसते, आणि आपल्या हातून लखलखाट साधला असे वाटते. कपाटात ती चकाकी नसते, उरतो तो केवळ रंग. म्हणून एनएमएम करताना उजेड शक्य तितका पसरट आणि मवाळ ठेवावा, दुसरा दिवाही एरवीपेक्षा जवळ आणावा. सपाट दिसण्याची जी तक्रार वर आली, तीच येथे गुण ठरते, कारण आकार रंगाने दाखवायचा असतो. हायलाइट कोठे द्यायचे याचा नकाशा आधीच काढून घ्यावा. प्रायमर दिलेली मूर्ती एकाच दिव्याखाली, दिवा बरोबर डोक्यावर धरून ठेवावी, मोबाइलवर चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि रंगवताना ती समोर ठेवावीत. काळ्या प्रायमरवर वरच्या बाजूने पांढरा फवारा मारतात त्यामागेही हाच हेतू असतो.

कपाटातला उजेड टेबलाच्या मानाने फार कमी असतो आणि कमी उजेडात मधल्या छटा एकमेकींत मिसळून जातात. त्यामुळे तलवारीवर गडद छटा जवळजवळ काळ्यापर्यंत आणि हायलाइट शुद्ध पांढऱ्यापर्यंत न्यावा. टेबलावर हे जरा अतिरेकी वाटेल, ते वाटू द्यावे.

कंदिलाच्या उजेडाला पहिल्या पत्रातील निळ्या झग्याचाच नियम लागू होतो. कंदील तांबूस असेल तर त्याच्या उजेडातला तांबडा भागच कापडावरून परतेल. पांढरे कापड तांबूस होईल, तांबडे उजळेल, पण हिरव्या झग्याजवळ परतवायला तांबडे फारसे नसल्याने तो उजळण्याऐवजी काळपट तपकिरी होईल. सगळीकडे सारखाच केशरी रंग पुसला की कंदील पेटलेला वाटत नाही, मूर्तीवर रंग सांडल्यासारखा वाटतो. तसेच ज्योत ही मूर्तीवरची सर्वांत उजळ जागा असली पाहिजे, म्हणून तिच्याभोवतीचा भाग आधी पुरेसा गडद करून घ्यावा. हे साधले की नाही हे टेबलावरच्या दिव्याखाली समजत नाही. मूर्ती ज्या कपाटात राहणार आहे तेथे ठेवावी, टेबलाचा दिवा बंद करावा, दोन हात लांब उभे राहून पाहावे, आणि कंदील पेटलेला दिसला नाही तर ज्योतीला हात न लावता आजूबाजूचा भाग आणखी एक छटा खाली न्यावा.